जुईचं हसणं

निनाद घोरपडे पडला, त्यात त्याची काहीच चूक नव्हती.

कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत तो साच्यांचं काम बघायचा. भट्टी पेटवणं, लोखंडाचा रस ओतणं ही कामं आता यंत्रमानव करत. माणसांनी वरच्या लोखंडी सज्जात उभं राहून नुसतं लक्ष ठेवायचं. एके दिवशी त्या सज्जाचा कठडा निखळला आणि निनाद खाली साच्यांच्या वाळूवर आदळला. वाळू होती म्हणून जीव वाचला. पण पाठीचे मणके दबले आणि तिथून दुखणं मागे लागलं.

त्या दुखण्यावर त्याला पट्टी मिळाली. टपालाच्या तिकिटाएवढी, त्वचेच्याच रंगाची. तिच्यात अफूच्या कुळातलं, पण प्रयोगशाळेत घडवलेलं औषध होतं. दंडावर चिकटवली की ते हळूहळू रक्तात उतरायचं. निनाद पुन्हा चालू लागला, जिने चढू लागला. तीन वर्षांच्या जुईला मांडीवर घेऊन गॅलरीतल्या झोपाळ्यावर बसू लागला. त्याच्या बायकोनं, शर्वरीनं, त्या दिवसांत ज्या देवांवर तिचा विश्वास नव्हता त्यांचेही आभार मानले.

महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात ती अभियंता होती. जमिनीखालची गळती शोधणं हे तिचं रोजचं काम. घरातली गळती मात्र तिच्या उशिरा लक्षात आली. याचं एक कारण असं की निनाद ओरडायचा नाही, हात उगारायचा नाही, वस्तू फेकायचा नाही. उलट पट्टी अंगात भिनली की तो अधिकच मायाळू व्हायचा. जुईला तासन् तास हसवायचा. माकडाचा आवाज, रेड्याचा आवाज, आजीच्या घोरण्याचा आवाज. जुई हसता हसता त्याच्या मांडीवरून घसरायची आणि तो तिला पुन्हा वर ओढायचा. स्वयंपाकघरातून ते ऐकताना शर्वरीला वाटायचं, घर असावं तर असं.

एकदा तो आंघोळीहून बाहेर आला तेव्हा तिला त्याच्या मांडीवर पट्ट्या दिसल्या. एका शेजारी एक, फरशा बसवाव्यात तशा.

"हे काय, निनाद?"

"एकीनं भागत नाही आता."

"डॉक्टरांना विचारलंस?"

त्यानं टॉवेल खाली ओढून मांड्या झाकल्या. डॉक्टरांनी पट्ट्या केव्हाच बंद केल्या होत्या. या तो बाहेरून मिळवत होता.

त्यानंतर त्यानं शपथा घेतल्या, सोडल्या, पुन्हा घेतल्या. प्रत्येक वेळी मनापासून. हे असं किती काळ चाललं असतं कोण जाणे. पण एका रविवारी दुपारी जुई त्याच्या छातीवर झोपली होती. घामानं एक पट्टी सुटली आणि जुईच्या पोटाला चिकटली. शर्वरी कपडे वाळत घालून खोलीत आली तेव्हा निनाद गाढ झोपेत होता आणि जुईचे ओठ जांभळे पडले होते. तिनं हलवलं तर मान नुसती एका बाजूला कलंडली.

रुग्णवाहिकेतल्या मुलीनं उतारा टोचला म्हणून जुई परत श्वास घेऊ लागली. तिच्या पोटावर पट्टीच्या आकाराचा लाल चौकोन उरला. तो शर्वरीला कितीतरी दिवस आंघोळ घालताना दिसत राहिला.

"उपचार घे," ती निनादला म्हणाली, "नाहीतर मी जुईला घेऊन निघते. तिसरा मार्ग नाही."

तो म्हणाला, "घेतो. कुठलाही घेतो."

*

पुण्यात त्या वर्षी एक नवा उपचार सुरू झाला होता. त्याला स्मृतिशिथिलन म्हणत. तो देणाऱ्या डॉक्टर बिडवे पन्नाशीच्या, सावकाश बोलणाऱ्या बाई होत्या. निनाद फौंड्रीतला आहे हे कळल्यावर त्यांनी त्याच्याच भाषेत समजावलं.

"अंगातून औषध जायला काही आठवडे पुरतात," त्या म्हणाल्या. "पण व्यसन अंगात नसतं, आठवणीत असतं. तुम्ही पट्टी लावत होतात तेव्हा आसपास जे जे होतं, ते सगळं मेंदूनं त्या सुखाला जोडून टाकलंय. जिना, वास, आवाज. त्यातलं काहीही समोर आलं की मेंदू म्हणतो, आता सुख मिळणार, दे मला. माणूस वर्षभर कोरडा राहतो आणि एखाद्या वासानं घसरतो, तो यामुळं."

"मग त्या आठवणी पुसणार तुम्ही?" शर्वरीनं विचारलं.

"नाही. आठवण तशीच राहते. आपण तिची ओढ काढतो. असं बघा, आठवण म्हणजे ओतून गार झालेला लोखंडाचा तुकडा. पण ती काढली, म्हणजे त्या गोष्टीची आठवण झाली, की काही तास ती पुन्हा वितळते. मेंदूला ती पुन्हा नव्यानं गोठवून ठेवावी लागते. प्रत्येक वेळी. वितळलेली असताना आपण मेंदूत खोलवर, बदामाएवढ्या एका भागावर, ध्वनिलहरी सोडतो. आठवणीला भावना चिकटवण्याचं काम तो भाग करतो. लहरींनी तो तेवढा वेळ गप्प बसतो. मग आठवण गोठते, पण भावनेशिवाय. काय घडलं ते माणसाला सांगता येतं. त्यानं आत काही हलत नाही."

निनाद खुर्चीत पुढे सरकला. "म्हणजे मला पट्टी आठवेल, पण हवीशी वाटणार नाही."

"बरोबर. पण आठवण वितळवण्यासाठी ती समोर आणावी लागते. घराचा वास, जिन्यावरची पावलं, हे सगळं तुम्हाला इथं ऐकवायचं, दाखवायचं. आणि जे दाखवू, त्या सगळ्याचीच भावना जाईल. औषधाची वेगळी आणि माणसाची वेगळी अशी चाळणी आमच्याकडे नाही." त्या थांबल्या. "तुम्ही घरी पट्टी लावत होतात. तेव्हा कुणाचे आवाज कानावर असायचे?"

मग निनाद हळूच म्हणाला, "हिचे. ही जिना चढून यायची, हाक मारायची. तेव्हा मी घाईनं..." पुढचं त्यानं सांगितलं नाही.

"आणि मुलीचा?"

"जुईचा नको, डॉक्टर." तो एकदम उठून उभा राहिला. "तिचा नाही घ्यायचा."

"धोका राहील. एक दार उघडं ठेवल्यासारखं होईल."

निनादनं शर्वरीकडं पाहिलं. ती मांडीवरच्या पर्सचा बंद पिळत होती. तिला झोपाळ्यावरचं ते हसणं ऐकू येत होतं. मुलीला बाप राहावा, एवढंच तिला त्या क्षणी दिसलं.

"माझा आवाज घ्या," ती म्हणाली. "मी हवं ते बोलून देते. तिचा राहू द्या."

डॉक्टर बिडव्यांनी दोघांनाही पुन्हा विचारलं. दोघांचंही उत्तर तेच आलं.

*

निनाद घरी परतला तो अगदी बरा होऊन. चेहऱ्यावर तेज आलं होतं. पाठ दुखली की व्यायाम करायचा, शेक घ्यायचा. पट्टीचं नाव काढलं तरी त्याला काही होत नसे. शर्वरीशी तो अतिशय चांगला वागे. तिची पिशवी हातातून घ्यायचा, तिच्या आधी उठून चहा टाकायचा.

एका संध्याकाळी तिनं धीर करून विचारलं, "मी हाक मारली की काय वाटतं तुला?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "ऐकू येते."

"बस्?"

"लग्नाआधी आपण आंबोलीला गेलो होतो. धुक्यात वाट चुकलो. तू घाबरून माझा शर्ट धरलास आणि पार खाली येईपर्यंत सोडला नाहीस. मला सगळं आठवतं, शर्वरी. पण कुणीतरी मला सांगितल्यासारखं आठवतं. खोटं बोलू का तुझ्याशी?"

"नको," ती म्हणाली.

तिनं ते सोसलं. कारण गॅलरीत झोपाळा पुन्हा कुरकुरू लागला होता, जुई पुन्हा खिदळत होती, आणि तिच्याकडं बघताना निनादचा चेहरा पूर्वीसारखाच उजळत होता. आपल्या वाट्याचं आपण दिलं आणि लेकीचं राखलं, असा हिशोब तिनं मनाशी मांडला होता. तो तिला बरेच दिवस बरोबर वाटला.

जुई पाच वर्षांची झाली, तेव्हा निनाद तिला शनिवारी गावी, आपल्या आईकडे नेऊ लागला. मळ्यातल्या विहिरीत तिला पोहायला शिकवत होता. एका शनिवारी शर्वरीला ऑफिसात सासूचा फोन आला. आधी नुसतं रडणंच ऐकू आलं.

झालं असं होतं. जुईच्या पाठीला बांधलेला फुगा सुटला. निनाद विहिरीच्या पायरीवर, पाण्यापासून हातभर अंतरावर बसला होता. डोळे अर्धे उघडे होते, मान छातीवर पडली होती. जुईनं दोनदा "बाबा" म्हणून हाक मारली, ती शेजारच्या मळ्यात पाणी पाजणाऱ्या हिंदुराव तात्यांनी ऐकली. हाका थांबल्या म्हणून ते धावत आले. कपड्यांनिशी त्यांनी उडी घेतली, जुईला वर काढलं. निनाद तेव्हाही तसाच बसून होता.

दवाखान्यात जुई शुद्धीवर आल्यावर शर्वरी बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसली. निनाद तिथंच होता. त्याच्या शर्टाची बाही वर सरकली होती आणि खाली पट्टीची कड दिसत होती. ती झाकायचं भानही त्याला नव्हतं.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"घरी आलो तेव्हापासून ओढ होती. घेतली मात्र खूप नंतर." तो जमिनीकडं बघत होता. "एरवी काही व्हायचं नाही मला. जिना, घर, तू. कशानंच नाही. ती हसली की व्हायचं. ती हसायची आणि माझ्या सगळ्या अंगाला पट्टी आठवायची."

"मग सांगितलं का नाहीस? डॉक्टर होत्या की. मी होते."

"सांगितलं असतं तर तिचाही आवाज घेतला असता त्यांनी." त्यानं वर पाहिलं. "तीही गेली असती माझ्यातून. तू गेलीस तशी."

शर्वरीला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. तिनं दोन्हींपैकी काहीच केलं नाही. ती उठून आत गेली आणि जुईच्या खाटेजवळ बसली. जुईच्या नखांत विहिरीचं शेवाळ अडकलेलं होतं. ते काढता काढता तिनं ठरवलं.

*

घटस्फोटाचं कळल्यावर निनादची आई कोल्हापुरात आली. शर्वरी तिला आत्या म्हणायची. आत्यांनी पाण्याचा पेलासुद्धा हातात घेतला नाही.

"आजारी नवऱ्याला टाकतंय व्हय कुणी?" त्या म्हणाल्या. "उद्या त्याला क्षय झाला असता, तर टाकला असतास?"

"क्षय झाला असता तर त्याला पोरीपासून लांब निजवलं असतं, आत्या. तुम्हीच निजवला असता."

"लांब निजवणं येगळं नि कोर्टात उभं करणं येगळं."

"तो घरात असला की मी त्याला नाही म्हणू शकत नाही. तो बाबा आहे तिचा. तो म्हणेल, झोपाळ्यावर बसू दे, आणि मी बसू देईन. दोनदा वाचली ती. तिसऱ्यांदा तात्या मळ्यात असतील कशावरून?"

आत्यांनी पदराचं टोक चिमटीत धरलं. मग म्हणाल्या, "माझ्या लेकराला यानं बरं वाटंल का?"

"मला माहीत नाही."

"मग तुला तरी वाटंल का?"

आत्या उठल्या, जुईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेल्या. नंतर कितीतरी महिने त्यांनी शर्वरीशी बोलणं टाकलं.

कौटुंबिक न्यायालयात निनादनं विरोध केला नाही. न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, "मुलीचा ताबा आईकडे जातोय. तुमचं काही म्हणणं?"

"तिच्याकडंच सुरक्षित आहे ती."

"आणि लग्नाबद्दल?"

तो शर्वरीकडं वळला. ओळखीचा माणूस परगावी निघालाय आणि त्याला काय म्हणावं ते सुचत नाही, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "त्या बाबतीत मला काही वाटत नाही," तो म्हणाला. मग आपलं बोलणं कसं ऐकू आलं असेल ते त्याच्या ध्यानात आलं. "म्हणजे वाटायला हवं, एवढं कळतं मला."

शर्वरीनं सही केली. लग्नात तिचं रडणं आवरेना म्हणून फोटोवाला वैतागला होता. इथं ती रडली नाही. रडायला समोर कुणी तरी लागतं.

*

डॉक्टर बिडव्यांचा फोन पुढच्या महिन्यात आला. निनाद दुसऱ्यांदा उपचाराला दाखल झाला होता आणि या वेळी त्यानं स्वतःच सगळं सांगितलं होतं. मुलीचा आवाज हवा होता. मूल अल्पवयीन असल्यानं तो देण्याचा अधिकार फक्त तिच्या पालकाला होता.

"तुम्ही नाही म्हणू शकता," डॉक्टर म्हणाल्या. "नाही म्हणालात तर मी तुम्हाला दोष देणार नाही."

"नाही म्हटलं तर काय होईल?"

"तुम्ही पाहिलंच आहे. या वेळी वाचवायला कुणी नसेल कदाचित. त्याला, म्हणतेय मी."

"आणि दिला तर तो तिला विसरेल?"

"विसरणार नाही. तिचा वाढदिवस, तिचं पहिलं पाऊल, सगळं आठवेल. माया उरणार नाही. आधीची."

"आधीची म्हणजे?"

"नवी लागू शकते. मेंदूचा तो भाग आपण कायमचा बंद करत नाही. आणि मूल दर वर्षी नवं होतं, शर्वरीताई. आवाज बदलतो, उंची बदलते, दात पडतात, येतात. दोन वर्षांनी ती त्याच्या आठवणीतली मुलगी नसेलच. तिच्याशी तो नव्यानं नातं जोडू शकेल. नव्या जागी, नव्या गोष्टींवर." त्या क्षणभर थांबल्या. "मोठं माणूस मात्र तेच राहतं. तुमच्या बाबतीत मी असं म्हणणार नाही. शिथिल केलेली आठवण मरत नाही, तिची मुळं खाली असतात. तुमच्याबद्दल त्याला पुन्हा काही वाटू लागलं, तर ते जुन्या मुळांवरच फुटेल. आणि त्याच मुळांवर पट्टीही आहे."

रविवारी सकाळी शर्वरीनं फोन डब्यांच्या फळीवर ठेवला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं. जुई ओट्यावर बसून भिजवलेल्या कणकेचा साप वळत होती.

"तुझ्या सापाला आवाज नाही का गं?" शर्वरीनं विचारलं.

"सापाला कान नसतात. बाबा म्हणाला होता."

"आवाज असतो की." शर्वरीनं फुस्स केलं. जुईनं नुसती मान हलवली. मग शर्वरीनं रेड्याचा आवाज काढला. तिला तो नीट येत नव्हता. बकरीसारखाच आला.

जुईनं तिच्याकडं पाहिलं आणि फुटलीच. "आई! हा रेडा नाही! हा रेडा आजारी आहे!" हसता हसता ती मागे भिंतीवर आपटली, पीठ सांडलं, ते बघून आणखी हसली. शर्वरी पुन्हा पुन्हा तो आवाज काढत राहिली. डोळ्यांतलं पाणी तिनं पिठाच्या हातानं पुसलं.

"तू का रडतेस?"

"हसून."

"फोन कशाला लावलाय?"

"बाबाला पाठवायचंय तुझं हसणं."

"त्याला आवडेल?"

"त्याला त्यानं बरं वाटेल," शर्वरी म्हणाली. हे खरं होतं. तरीही पुढं आयुष्यात ते वाक्य तिला कितीदा तरी आठवलं, आणि दर वेळी तोंड कडू झालं.

*

उपचार लागू पडला. निनादला कागलच्या बाजूला दुसऱ्या फौंड्रीत काम मिळालं. तपासण्या स्वच्छ येत गेल्या. न्यायालयानं दर शनिवारी संध्याकाळी समुपदेशकाच्या देखरेखीखाली भेटीची परवानगी दिली. भेटीचं केंद्र एका जुन्या बालवाडीच्या आवारात होतं. तोवर जुई सात वर्षांची झाली होती, पुढचे दात पडलेली, केस कापलेली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून शर्वरी फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राही.

पहिल्या भेटीनंतर जुई गप्प गप्प होती. घर आल्यावर म्हणाली, "बाबा पाहुण्यांसारखा बोलतो. मला म्हणाला, तू कितवीत आहेस? त्याला माहितीय ना?"

"माहितीय. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं असेल."

"मी हसले तर तो खिडकीतून बाहेर बघत होता."

त्या आठवड्यात निनादनं शर्वरीला फोन केला. हे तो क्वचितच करी.

"मला तिच्याबद्दल काही वाटत नाही," तो सरळ म्हणाला. "चांगली मुलगी आहे. शेजाऱ्यांची चांगली असावी तशी. हे तुला सांगणं बरोबर आहे की नाही, मला समजत नाही."

"येणं बंद करणार आहेस?"

"नाही. येणार. वाटत नाही म्हणून येऊ नये, असं थोडंच आहे? मी येत राहतो. बघू."

शर्वरीनं फोन ठेवला. ती ज्याच्या प्रेमात पडली होती तो माणूस हाच, हे तिला लख्ख कळलं. ते कळून आता काही उपयोग नव्हता.

तो येत राहिला. फौंड्रीतली बारीक वाळू एका डब्यात घेऊन येऊ लागला. तिच्यात जुईनं चमचा, किल्ली, स्वतःचा पडलेला दात दाबायचा आणि मग दोघांनी त्या साच्यात मेण ओतायचं. जुई घरी येऊन सांगे, "आज बाबाचा साचा फुटला, माझा नाही फुटला." मग एकदा, "बाबा म्हणाला, तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे." मग एकदा, "आज बाबा आधी येऊन बसला होता." शर्वरी हे सगळं भाजी चिरत ऐकायची. जास्त विचारायची नाही.

पावसाळा संपून गेल्यावरच्या एका शनिवारी ती नेहमीसारखी फाटकाबाहेर होती. आतून जुईची किंकाळी आली. शर्वरी स्कूटरवरून उतरते न उतरते तोच निनाद धावत फाटकाशी आला. त्याच्या कडेवर जुई होती. इतकी मोठी मुलगी, पाय लोंबकळत होते. मागून समुपदेशक बाई पळत येत होत्या.

"शर्वरी! बघ ना, रक्त येतंय. पायरीवरून पडली. माझ्या डोळ्यांदेखत पडली, मी हात पुढं केला पण..." त्याचा आवाज फाटला होता.

शर्वरीनं गुडघा पाहिला. कातडं खरवडलं होतं.

"काही नाही झालेलं. धुवून टाक, झालं."

"हाड तर नसेल ना?"

"ती पाय हलवतेय, निनाद."

"हलवतेस ना गं? दुखतंय का? सांग मला, दुखतंय?" तो जुईला विचारत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते त्याला कळत नव्हतं. जुईला मात्र कळलं. तिनं आपलं रडणं थांबवून, बोटानं त्याचा गाल पुसला आणि बोटाकडं बघत राहिली.

शर्वरीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी तिला मोकळं हसू आलं. निनादनं ते ऐकून मान वर केली.

तो तिच्याकडं पाहत राहिला. एरवी बघायचा तसं नाही. एखादा शब्द अगदी जिभेवर आलाय पण सापडत नाही, तेव्हा माणूस बघतो तसं. त्याच्या कपाळावर एक आठी आली. "तू..." तो म्हणाला, आणि थांबला. जुईखालचा त्याचा एक हात सुटून नकळत दुसऱ्या दंडाकडं गेला, शर्टावरून तिथं चोळू लागला.

शर्वरीनं तो हात पाहिला.

"आत जा," ती म्हणाली. जमेल तितक्या कोरड्या आवाजात. "जखम धू तिची. जा."

तो वळला. समुपदेशक बाईंनी फाटक लावून घेतलं. आत नळ सोडल्याचा आवाज आला, मग जुईचं "आई गं, झोंबतंय" आणि निनादचं फुंकर घालणं. शर्वरी स्कूटरला टेकून तिथंच उभी राहिली. त्या हाकेनं ती एक पाऊल पुढं गेली आणि परत मागं आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गावी फोन लावला. रिंग बराच वेळ वाजत राहिली.

"आत्या, मी शर्वरी."

पलीकडं आत्यांनी आधी घसा खाकरला. मग, "बोल."

"यापुढं शनिवारी जुईला तुम्ही न्याल का बाबाकडं? मी स्टँडवर आणून सोडत जाईन. तिथून पुढं तुम्ही."

"का? तुला काय झालं जायला?"

शर्वरीनं खूप काही सांगायचं ठरवलं होतं. मुळं, आवाज, दंडाकडं गेलेला हात. पण एवढंच तोंडून निघालं, "त्याला लेकीची माया लागलीय परत, आत्या. रडला काल तिच्यासाठी. मी समोर असले तर बिघडेल ते."

फोनमधून कोंबड्यांचा आणि कुणाच्या तरी भांडी घासण्याचा आवाज येत राहिला.

"तुला बघून बी काय तरी झालं का त्याला?" शेवटी आत्यांनी विचारलं.

"झालं, असं वाटलं."

"आणि तरी तू बाजूला निघालीस."

"हो."

"न्हेते मी तिला," त्या म्हणाल्या. "तू नगो काळजी करूस." फोन ठेवायच्या आधी त्या पुन्हा थांबल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "तू जेवलीस का गं?"

शर्वरी जेवली नव्हती. "जेवते आता," ती म्हणाली आणि गॅस पेटवायला उठली.